वळिवडे स्टेशन : एका वस्तीचा इतिहास

आपल्याकडे एखाद्या स्थळाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे लेखकाची दृष्टि प्रथम किल्ल्याकडे, देवालयाकडे किंवा राजवाड्याकडे वळते. करवीर प्रांताच्या बाबतींत तर हें अगदीं साहजिक आहे. एका बाजूस अंबाबाईचें प्राचीन देवालय, दुसऱ्या बाजूस पन्हाळगड आणि मध्यें छत्रपतींची गादी, एवढी थोर सामग्री हाताशीं असतां कोणी एखाद्या लहानशा रेल्वे स्टेशनाचा इतिहास सांगावयास बसला, तर त्याच्या रुचीविषयींच शंका घेतली जाण्याचा संभव आहे. स्टेशन म्हणजे गाडी येईपर्यंत थांबावयाची आणि गाडी आली कीं विसरावयाची जागा, असाच आपला सर्वांचा व्यवहार असतो. परंतु जेथें माणसें केवळ घटकाभर थांबतात अशी आपली समजूत असते, तेथेंच कधीं कधीं माणसें उतरतात आणि वर्षानुवर्षें राहतात. अशा जागेचा इतिहास, आजच्या समाजाची घडण समजून घेण्याच्या दृष्टीनें, राजवाड्याच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो. मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे हें अशांपैकीं एक ठिकाण आहे.

कोल्हापुराहून गाडी मिरजेकडे निघाली म्हणजे गूळ-बाजाराचा थांबा मागें पडतो आणि सुमारें पांच मैलांवर वळिवडे लागतें. पुढें पंचगंगेचा पूल ओलांडून रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशीं स्टेशनें घेत गाडी मिरजेस पोंचते. पॅसेंजर गाडीनें नित्य जाणारे विद्यार्थी, नोकरदार व लहानसहान विक्रेते यांच्यापुरतें या स्टेशनाचें महत्त्व आहे; जलद गाडींतील प्रवाशाचें त्याच्या पाटीकडे लक्षही जात नाहीं. तथापि याच स्टेशनाच्या बाजूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सुमारें पांच हजार पोलिश स्त्रीपुरुषांची व मुलांची वसाहत नांदत होती. तीं माणसें गेल्यावर त्याच चाळींतून सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार थाटले गेले. आणि आज तेथें गांधीनगर या नांवाची कापडाची मोठी घाऊक पेठ उभी आहे. पांच-सहा वर्षांच्या अवधींत एकाच जागेनें दोन देशोधडीस लागलेले समाज पाहिले. हें कसें घडलें, हें पाहावयाचें तर प्रथम या लोहमार्गाकडे पाहिलें पाहिजे.

हा मार्ग मुळांत कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा होता. त्याच्या कामाचा आरंभ १८८८ सालीं, राजर्षि शाहू छत्रपति अवघे चौदा वर्षांचे असतां, त्यांच्या हस्तें झाला आणि १८९१ मध्यें तो वाहतुकीस खुला झाला. लांबी एकोणतीस मैल. मार्ग दरबारचा असला तरी तो चालविण्याचें काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होतें. ती कंपनी १९०८ सालीं मद्रास रेल्वेशीं एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा या नांवानें ओळखली जाऊं लागली. रूळ मीटर गेजचे असल्यामुळें मुंबईच्या उतारूस पुण्यास गाडी बदलून यावें लागे. ही अडचण १९७१ च्या सुमारास मार्ग रुंद झाला तेव्हां दूर झाली. गाडी येण्यापूर्वीं करवीरचा माल आंबा व फोंडा घाटांच्या वाटेनें बैलगाड्यांतून रत्नागिरी-राजापूरच्या बंदरांकडे जात असे. आगगाडीनें या व्यापाराचें तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरविलें. एका प्रांताच्या व्यापारानें दिशा बदलणें ही सामान्य घटना नव्हे. घाटमाथ्यावरील कित्येक मुक्कामाच्या गांवांस त्यामुळें उतरती कळा लागावी आणि रुळांकांठच्या माळांस मोल यावें, हें ओघानेंच आलें.

परंतु येथें एका प्रचलित समजुतीचा विचार केला पाहिजे. आगगाडी आली कीं भोंवतीं आपोआप गांवें वसतात, असें आपण सहज बोलून जातों. या एकोणतीस मैलांचा अनुभव तसा नाहीं. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं कोल्हापूर स्टेशनाजवळ शाहूपुरी ही पेठ वसविली आणि तेथें गुळाच्या व्यापारास उत्तेजन दिलें. त्या आधीं चार वर्षें गाडी येतच होती. पण पेठ वसली ती राजानें जागा दिली, व्यापाऱ्यांस बोलाविलें आणि आसपासच्या शेतांत ऊंस होता म्हणून. दुसरें उदाहरण जयसिंगपूरचें. तेथील स्टेशनास पूर्वीं शिरोळ रोड असें नांव होतें. म्हणजे शिरोळास जावयाचें असेल तर येथें उतरावें, एवढाच त्याचा अर्थ. पाव शतक तें तसेंच राहिलें. १९१७ च्या सुमारास महाराजांनीं तेथें आपले जन्मदाते वडील, कागलकर जयसिंगराव घाटगे, यांच्या नांवानें नवें शहर आंखून दिलें. पुढें तें तंबाखूच्या व्यापारानें भरभराटलें आणि ज्या शिरोळाच्या नांवानें स्टेशन ओळखलें जाई, त्या शिरोळासही त्यानें मागें टाकलें. उलट याच मार्गावर अशींही स्टेशनें आहेत, कीं जेथें सव्वाशें वर्षें गाडी थांबत असूनही शेजारचें गांव पूर्वीं होतें तेथेंच आहे.

याच्या उलट प्रकारचा दाखला आमच्या दाराशींच आहे. आम्ही ज्या वारणानगरांत राहतों, तेथें आगगाडी कधींच आली नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें कोडोलीजवळच्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या आधारानें दूध संघ, शाळा, महाविद्यालयें आलीं आणि रुळांची खूणही नसतां एक नगर निर्माण झालें. तेव्हां लोहमार्ग हें गांव वसण्याचें कारण नसून केवळ एक संधि आहे, असें म्हणणें प्राप्त होतें. संधीचा उपयोग करणारा कोणी तरी असावा लागतो. शाहूपुरीच्या व जयसिंगपूरच्या बाबतींत तो द्रष्टा राजा होता. वारणेच्या कांठीं तो सहकारानें एकवटलेला शेतकरी होता. वळिवड्यास मात्र तो यांपैकीं कोणीच नव्हता. तेथें संधीचा उपयोग केला तो गरजेनें, आणि ती गरजही हजारों मैलांवरून आलेली होती.

१९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनें आणि सोळा दिवसांनीं पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें स्वारी केली. रशियाच्या ताब्यांत गेलेल्या पूर्व भागांतून १९४० व १९४१ या दोन वर्षांत लक्षावधि माणसें आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील अरण्यें यांकडे पाठविण्यांत आलीं. जून १९४१ मध्यें हिटलरनें रशियावरच चाल केली, तेव्हां पारडें फिरलें. जुलैअखेर लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि रशिया यांचा करार झाला, कैद्यांस मोकळीक मिळाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखालीं पोलिश सैन्य उभें राहूं लागलें. १९४२ सालीं हें सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलें. सैनिकांच्या बरोबर, किंवा सैनिकांच्या मागोमाग, स्त्रिया, वृद्ध आणि अनाथ मुलेंही आलीं. लाखाच्या वर माणसें अशा रीतीनें इराणांत पोंचलीं. सैन्य पुढें रणांगणावर गेलें. पण या बायकामुलांस ठेवावयाचें कोठें? कांहींस पूर्व आफ्रिका, कांहींस मेक्सिको, कांहींस न्यूझीलंड आणि कांहींस हिंदुस्थान, अशी त्यांची वांटणी झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं आपल्या संस्थानांत बालाचडी येथें कित्येकशे मुलांस आश्रय दिला, ही कथा सुप्रसिद्ध आहे. परंतु हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी पोलिश वसाहत झाली ती बालाचडीस नव्हे, वळिवड्यास.

१९४३ सालीं ही वसाहत सुरू झाली. इराणांतून कराची बंदर, तेथून मुंबई-पुण्याच्या मार्गानें मीटर गेजच्या गाडींत बसून हीं माणसें वळिवड्यास उतरलीं. नकाशा पुढें घेतला म्हणजे या जागेच्या सोयी सहज ध्यानांत येतात. पांच हजार माणसांस पाणी पुरवील अशी पंचगंगा जवळून वाहते. हवा फार उष्ण नाहीं, फार थंडही नाहीं. जिल्ह्याचें मोठें शहर पांच मैलांवर आहे. युद्धाच्या आघाडीपासून ठिकाण दूर आहे. आणि धान्य, सरपण व माणसें थेट आणून सोडणारें स्टेशन शेजारींच आहे. लांबच लांब चाळी उठल्या. प्रत्येक कुटुंबास खोली, स्वयंपाकाची जागा व पुढें पडवी. शाळा निघाल्या, प्रार्थनामंदिर झालें, इस्पितळ, ग्रंथालय व नाट्यगृह झालें. बालवीरांचीं पथकें निघालीं. वसाहतींत बहुसंख्या स्त्रियांची आणि मुलांची. कर्ते पुरुष एक तर पलटणींत होते, नाहीं तर उत्तरेच्या बर्फांत कायमचे राहिले होते. आसपासच्या गांवांतील माळणी, गवळी, कापडवाले यांस नवें गिऱ्हाईक मिळालें. भाषा कोणास कोणाची येत नव्हती. पण भाजीच्या पाटीपुढें बसून भाव करावयास व्याकरण लागत नाहीं, आणि कामापुरतें मराठी मुलांच्या तोंडीं बसावयास वेळ लागत नाहीं.

या प्रकरणाविषयीं आज जें बोललें जातें, त्यांत अभिमानाचा भाग मोठा असतो. करवीरानें परकीयांस आसरा दिला, अतिथिधर्म पाळला, असें आपण म्हणतों. त्यांत खोटें कांहीं नाहीं; पण इतिहासाच्या अभ्यासकानें तेवढ्यावर थांबूं नये. वसाहतीची योजना हिंदुस्थान सरकारची होती, खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारनें उचललेला होता आणि जागा संस्थानांतील होती. १९४० च्या नोव्हेंबरांत राजाराम महाराज निवर्तले होते आणि गादीवर सज्ञान राजा नव्हता. म्हणजे बालाचडीप्रमाणें एका राजपुरुषाच्या औदार्याची ही कथा नव्हे. तें साल कोणतें होतें, याचेंही स्मरण असावें. १९४२ चें आंदोलन नुकतेंच चिरडलें गेलें होतें आणि १९४३ मध्यें बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नान्न करून मरत होतीं. आपल्याच देशांतील भुकेल्यांकडे पाठ फिरविणारें सरकार परदेशांतील निराश्रितांची सोय नीट लावतें, हा विरोध त्या काळच्या विचारी माणसास टोंचल्याखेरीज राहिला नसेल. परंतु या विरोधाचा दोष त्या बायकामुलांकडे जात नाहीं. ज्यांनीं त्यांस नेमून दिलें ते अधिकारी वेगळे. ज्यांच्या शिवारांत तीं येऊन राहिलीं ते वळिवड्याचे शेतकरी वेगळे. औदार्याची मोजणी करावयाची असेल तर ती कागदावर सही करणाराची करूं नये. अनोळखी वेषाच्या, अनोळखी धर्माच्या पांच हजार माणसांच्या शेजारीं जे पांच वर्षें सलोख्यानें राहिले, त्यांची करावी.

युद्ध संपलें, पण या लोकांचें घर परत मिळालें नाहीं. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें तीन महासत्तांनीं पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहावा असें ठरविलें. नवी सरहद्द ज्या रेषेच्या आधारें ठरली, तिला कर्झन रेषा म्हणतात. १९२० च्या सुमारास इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री असलेल्या लॉर्ड कर्झन यांचें नांव तिला चिकटलें होतें. १९०५ सालीं बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय तेच हे कर्झन. वळिवड्याच्या चाळींत बसलेल्या कित्येक पोलिश मातांचीं गांवें या रेषेपलीकडे गेलीं. जुलै १९४५ मध्यें इंग्लंडनें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि या माणसांस आधार देणारें सरकारही उरलें नाहीं. १९४६ सालीं बालाचडी बंद झाली आणि तेथील मुलें वळिवड्यास आलीं. अखेर १९४७-४८ मध्यें वसाहत मोडली. ज्यांचे नातलग पोलिश सैन्यांत होते त्यांस इंग्लंडमध्यें प्रवेश मिळाला. कांहीं आफ्रिकेकडे, कांहीं ऑस्ट्रेलियाकडे आणि थोडीं स्वदेशीं गेलीं. ज्या स्टेशनावर तीं उतरलीं, तेथूनच गाडींत बसून निघून गेलीं.

चाळी रिकाम्या झाल्या, पण फार काळ राहिल्या नाहींत. १९४७ च्या ऑगस्टांत देशाची फाळणी झाली. पंजाब व बंगाल हे प्रांत दुभंगले; म्हणजे तेथील हिंदूंस त्यांच्या प्रांताचा निदान अर्धा भाग तरी भारतांत उरला. सिंधची गोष्ट निराळी. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, पुढें वेगळा प्रांत झाला आणि फाळणींत तो सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला. सिंधी हिंदूंस आपली म्हणावी अशी वीतभर भूमि भारतांत उरली नाहीं. लाखों माणसें कराचीहून बोटींनीं मुंबईकडे आलीं आणि जेथें जेथें युद्धकाळाच्या छावण्या ओस पडल्या होत्या तेथें तेथें त्यांस नेण्यांत आलें. कल्याणच्या लष्करी छावणीचें उल्हासनगर झालें. वळिवड्याच्या पोलिश छावणीचें गांधीनगर झालें. जानेवारी १९४८ मध्यें महात्माजींचा वध झाला आणि त्यानंतर कोल्हापुरांत जाळपोळीचे भयंकर प्रकार घडले. त्या पार्श्वभूमीवर या नव्या वस्तीनें त्यांचें नांव धारण करावें, याला कांहीं वेगळाच अर्थ आहे. कोल्हापूर संस्थानही १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. म्हणजे वस्ती नवी, नांव नवें आणि थोड्याच दिवसांत राज्यही नवें.

या दोन्ही समाजांची वाट कराचीवरून वळिवड्याकडे आली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पोलिश माणसांस कराची हें संकटांतून सुटल्याचें पहिलें बंदर होतें. सिंध्यांस तें आपलें शहर सोडण्याचें शेवटचें बंदर होतें. दोघांचेंही घर दूरवरच्या राजधानींत बसून ठरविलेल्या सरहद्दीनें हिरावून घेतलें. दोघांनींही त्याच छपरांखालीं चूल मांडली. मग एक समाज गेला आणि दुसरा राहिला, असें कां व्हावें? एकास परतावयाची आशा होती आणि दुसऱ्यास नव्हती, हें सोपें उत्तर पुरें पडत नाहीं, कारण बहुतेक पोलिश कुटुंबांसही परतावयास घर उरलें नव्हतें. खरें कारण असें दिसतें, कीं पोलिश माणसांस येथें पाहुणे म्हणून ठेवलें होतें. त्यांचें अन्न, औषध, शिक्षण सर्व बाहेरून येत होतें. सिंधी माणूस नागरिक म्हणून आला, आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या पायावर उभें राहणें त्यास भाग पडलें. ज्यास पोसलें जातें त्याचा भोंवतालच्या मुलखाशीं स्नेह जडतो, पण व्यवहार जुळत नाहीं. आणि व्यवहारावांचून कोणतीही वस्ती मूळ धरीत नाहीं. कापडाचे तागे पाठीवर घेऊन खेडोपाडीं फिरणारा माणूस पाहतां पाहतां त्या खेड्यांच्या उधारीच्या वहींत आणि लग्नसराईच्या हिशेबांत शिरतो. मग त्यास निर्वासित म्हणावयाचें कोणी?

गांधीनगरच्या भरभराटीचा पाया हा असा आहे. जवळच इचलकरंजी आहे. तेथें १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला आणि पुढें तें वस्त्रोद्योगाचें मोठें केंद्र झालें. कोल्हापूरची बाजारपेठ, कोंकण व कर्नाटक यांकडे जाणारे रस्ते आणि मुंबई-सुरतेशीं असलेले जातीचे धागे, यांच्या बळावर येथील व्यापार वाढला. लग्नाचा बस्ता बांधावयास पंचक्रोशीच नव्हे, तर शेजारच्या जिल्ह्यांतील दुकानदार व कुटुंबें येथें येतात. मौज ही, कीं ज्या स्टेशनामुळें ही वस्ती येथें झाली, त्या स्टेशनाची तिला आज तितकीशी गरज नाहीं. माल सडकेनें येतो आणि सडकेनें जातो. कोल्हापूर पूर्वेकडे पसरत आल्यामुळें मधलीं शेतें संपत चाललीं आहेत आणि गांधीनगर हें शहराचें जणूं उपनगरच झालें आहे. लोहमार्ग मात्र आपलें काम करीत आहे. ऑगस्ट १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत तो बंद पडला, तेव्हां रोजच्या उतारूंस त्याची किंमत पुनः कळली.

आतां स्मृतीविषयीं. पोलिश लोकांनीं वळिवडे विसरावयाचें नाकारलें. येथें वाढलेलीं मुलें जगभर पांगलीं, पण त्यांनीं संघ काढला, आठवणी एकत्र केल्या आणि म्हातारपणीं पुनः पुनः येऊन आपल्या बालपणाची जागा पाहिली. कोल्हापुरांत महावीर उद्यानांत त्यांचें स्मारक आहे, ख्रिस्ती दफनभूमींत त्यांच्या माणसांच्या कबरी आहेत, २०१९ सालीं वळिवडे येथें स्मृतिस्तंभ झाला. पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा येथें, कोल्हापूरच्या नांवानें स्मारक आहे आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजीं भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें अभिवादन केलें. एका लहानशा मराठी खेड्याच्या वांट्यास हा मान क्वचितच येतो.

परंतु या इतिहासाचे धनी एकटे पोलिश नाहींत. सिंधी कुटुंबांनीं त्याच चाळींत पहिलीं वर्षें कशीं काढलीं, आणि वळिवड्याच्या मूळ शेतकऱ्यांनीं आपल्या शिवारांत आधीं एक परकी नगरी आणि मग एक निर्वासित नगरी उठतांना काय पाहिलें, याविषयीं तुलनेनें फार थोडें लिहिलें गेलें आहे. जो जातो तो आठवणी लिहितो. जो राहतो तो दुकान उघडतो, नांगर धरतो, आणि त्याच्या आठवणी त्याच्याबरोबर जातात. १९४८ सालीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं, तीं आज नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्यापाशीं बसून चार प्रश्न विचारावयास दप्तरखान्याची परवानगी लागत नाहीं. कोणत्या चाळींत राहत होतां, पहिलें भांडवल कोठून आणलें, पहिली उधारी कोणत्या गांवानें दिली, भाजीवालीशीं कोणत्या भाषेंत बोलत होतां? कोल्हापूर व आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी रोज याच गाड्यांनीं येतात-जातात. त्यांपैकीं दहापांचांनीं जरी वळिवड्यास उतरून हें काम हातीं घेतलें, तरी एक मोलाचें प्रकरण हातचें जाणार नाहीं.

राजांनीं वसविलेल्या पेठांस त्यांचे इतिहासकार मिळतात आणि कारखान्यांस त्यांचे अहवाल असतात. गरजेनें वसलेल्या वस्तीस मात्र दप्तर नसतें. ज्या देशांत फाळणीनें, धरणांनीं आणि दुष्काळांनीं लक्षावधि माणसें एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणीं बसलीं, त्या देशाच्या अर्वाचीन इतिहासाचा फार मोठा भाग अशाच बिनदप्तरी वस्त्यांत पडून आहे. वळिवडे ही त्यांतील एक. तिचा इतिहास लिहून झाला म्हणजे करवीरच्या थोरवींत कांहीं उणें पडणार नाहीं. उलट, ती थोरवी केवळ गडावर व गादीवर नसून मुलुखाच्या साध्या माणसांच्या शेजारधर्मांतही होती, याचा एक खणखणीत पुरावा आपल्या हातीं येईल.